जुन्या मोटारीचा नवा पिस्टन म्हणजे फेरफार नव्हे

महोदय,

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझे लेथचे लहान वर्कशॉप असून, बाजारात न मिळणारे जुन्या मोटारींचे सुटे भाग मी गेली बत्तीस वर्षे घडवत आलो आहे. गेल्या वर्षी १९६८ सालच्या एका फियाटच्या मालकांना विंटेज नोंदणीच्या वेळी विचारण्यात आले की, इंजिनात काही बदल केला आहे का? सिलिंडर झिजल्यामुळे आम्ही ते बोअर करून, म्हणजे आतून थोडे कोरून, ०.४ मिलिमीटर ओव्हरसाइज (मूळ मापाहून किंचित मोठे) पिस्टन बसवले होते. ‘हो’ म्हणावे तर नोंदणी अडणार आणि ‘नाही’ म्हणावे तर सरकारी कागदावर खोटे लिहावे लागणार, अशा पेचात सापडलेल्या त्या गृहस्थांनी अर्जच मागे घेतला.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये काढलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. मात्र चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. अट योग्यच आहे. परंतु झिजलेला भाग मूळ मापाच्या मर्यादेत बदलणे आणि इंजिनाची ताकद वाढवणे यांतला फरक त्यात कुठेही सांगितलेला नाही.

हा फरक किती बारकाईने करता येतो, हे अमेरिकेतील मसल कारच्या, म्हणजे मोठ्या ताकदीच्या इंजिनांच्या गाड्यांच्या, शर्यतींकडे पाहिले की कळते. १९६६ मध्ये सुरू झालेल्या ट्रान्स-अॅम या शर्यतींच्या मालिकेत इंजिनाच्या क्षमतेला ५ लिटरची मर्यादा होती. त्या मर्यादेत बसावे म्हणून शेव्हरोलेने कॅमारो झेड-२८ साठी आणि पुढे फोर्डने मस्टँग बॉस साठी ३०२ घनइंचाचे (५ लिटरहून किंचित कमी) इंजिन तयार केले. नियमांना बगल देण्याचे प्रयत्नही झाले. त्या मालिकेतल्या पेन्स्के या शर्यत संघाने कॅमारोची बॉडी आम्लात बुडवून पत्रा पातळ केला आणि गाडीचे वजन घटवले. अशा क्लृप्त्या रोखायच्या, तर वजन आणि भागांची तपासणी हवीच. आज ऐतिहासिक गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींना एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेचे ‘परिशिष्ट के’ हे नियम लागू होतात. गाडीचा तांत्रिक पासपोर्ट असतो, तिची रचना ज्या काळात ती धावली त्या काळची असावी लागते आणि रोलकेज (गाडी उलटल्यास चालकाला वाचवणारा आतला लोखंडी सांगाडा), सीटबेल्ट यांसारख्या सुरक्षेच्या गोष्टींना मात्र वेगळी सवलत मिळते. भाग नव्याने घडवलेला असला, तरी तो मूळ नमुन्याबरहुकूम आहे की नाही, हाच तिथला प्रश्न असतो. मला हीच कसोटी न्याय्य वाटते.

आपल्याकडे मसल कार फारशा आल्या नाहीत, पण कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या फियाट आणि डॉज आजही अनेकांनी जिवापाड सांभाळल्या आहेत. त्यांना रस्त्यावर शर्यत लावू द्यावी, असे मी मुळीच म्हणत नाही. पाम बीच रोड आणि घोडबंदर रोडवरचा रात्रीचा धुमाकूळ रोखलाच पाहिजे आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक ठिकाणी राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय शर्यत लावणे हा गुन्हाच आहे. माझा प्रश्न चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेसारख्या बंदिस्त ट्रॅकवर मर्यादित वेगाने जुनी गाडी पळवू इच्छिणाऱ्याचा आहे. त्याने सुरक्षेसाठी रोलकेज बसवला, तर गाडीचा विंटेज दर्जा जाणार की राहणार, याचे उत्तर त्याला आधीच मिळायला हवे.

म्हणून राज्य परिवहन विभागाला माझी विनंती आहे की, विंटेज गाड्या तपासणाऱ्या समितीत जुनी इंजिने स्वतः उघडलेला एक तरी कारागीर असावा आणि ओव्हरसाइज पिस्टन, नवे बुश, ब्रेकचे पाइप, वायरिंग यांपैकी काय दुरुस्तीत धरायचे आणि काय फेरफारात, याची मराठीतील यादी ठाणे व नवी मुंबईच्या आरटीओ कार्यालयांत लावावी. माझ्याकडे तयार केलेल्या प्रत्येक भागाच्या मापांची वही आहे. ती समितीपुढे ठेवायला मी केव्हाही तयार आहे.

आपला विश्वासू,
एक लेथ कारागीर, वागळे इस्टेट, ठाणे