पहिली-दुसरीच्या शिक्षकांचे प्रशिक्षण मुलांच्या वह्यांपासून सुरू व्हावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जूनमध्ये शाळा उघडतात आणि पाठोपाठ प्रशिक्षणांची पत्रे येऊ लागतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळांत २२ वर्षे शिकवले, त्यातली बहुतेक वर्षे पहिली-दुसरीच्या वर्गांवर गेली, आणि पुढची ९ वर्षे नाशिक जिल्ह्याच्या कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात केंद्रप्रमुख, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाचा पर्यवेक्षक, म्हणून काम करून निवृत्त झालो. या काळात प्रशिक्षणार्थी म्हणूनही बसलो आणि सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारा, म्हणून समोरही उभा राहिलो. त्या अनुभवावरून एक गोष्ट आपल्या वृत्तपत्रातून शिक्षण खात्यापुढे आणि पालकांपुढे मांडावीशी वाटते. लहान मुलांना लिहिता-वाचता करणाऱ्या शिक्षकाला जे कौशल्य सर्वांत जास्त लागते, ते म्हणजे मुलाचे वाचन ऐकून आणि त्याची वही पाहून ते नेमके कुठे अडले आहे हे ओळखणे. आमच्या प्रशिक्षणांत मात्र हेच जवळजवळ कधी शिकवले गेले नाही.

एका द्विशिक्षकी शाळेच्या भेटीत दुसरीतल्या एका मुलीने मला पुस्तकातला पाठ घडाघडा वाचून दाखवला. बोट ओळींवरून सरकत होते, आवाज खणखणीत होता आणि गुरुजींच्या चेहऱ्यावर समाधान होते. मी तिला एवढेच म्हटले की बाळ, यात ‘पाऊस’ कुठे लिहिले आहे ते दाखव बरे. तिने पानावर बोट फिरवून पाहिले, ते सापडेना, तेव्हा पहिल्या ओळीपासून पुन्हा म्हणायला सुरुवात केली, आणि ‘पाऊस’ हा शब्द तोंडात आला त्या क्षणी तिचे बोट ‘अंगणात’ या शब्दावर होते. सगळा मजकूर तिला ऐकून तोंडपाठ होता आणि अक्षरांशी तिची अजून गाठच पडलेली नव्हती. ते गुरुजी कामचुकार नव्हते. वर्गात अक्षरकार्डे होती, भिंतीवर शब्दपट्ट्या होत्या, परिपाठ रोज होत असे आणि प्रशिक्षणांची प्रमाणपत्रे फाइलला नीट लावलेली होती. पण मूल वाचते आहे की आठवून म्हणते आहे, हे मधलाच एखादा शब्द विचारून पडताळावे, असे इतक्या वर्षांत त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. त्या दिवशी त्यांना झालेले दुःख मी पाहिले आहे, म्हणून दोष त्यांच्या पदरात टाकायला माझे मन धजत नाही.

लेखनाची गोष्ट याहून बारकाईची आहे. ‘कुत्रा’ हा शब्द घ्या. एक मूल ‘कुतरा’ लिहिते, दुसरे ‘कुता’ लिहिते, तिसरे ‘कूत्रा’ लिहिते. आपण तिघांच्याही वहीत लाल रेघ मारतो आणि तो शब्द दहा-दहा वेळा लिहायला सांगतो. ‘कुतरा’ लिहिणाऱ्याने शब्दातला प्रत्येक आवाज बरोबर ऐकला आहे आणि त्याला फक्त जोडाक्षराची लिहिण्याची रीत माहीत नाही. ‘कुता’ लिहिणाऱ्याला ‘त’ला चिकटून आलेला ‘र’ वेगळा ऐकूच आलेला नसावा. त्याला आधी ‘कुत्रा’, ‘पत्रा’, ‘चित्र’ हे शब्द तोंडाने सावकाश फोडून म्हणायला लावावे लागतात, पाटी-पेन्सिल नंतर. ‘कूत्रा’ लिहिणाऱ्याची तर दुसरीत काळजी करण्याचे काही कारणच नाही, कारण ह्रस्व-दीर्घाचा फरक आपल्या रोजच्या बोलण्यात पुष्कळदा कानाला कळतही नाही आणि तो पुढे वाचनातूनच डोळ्यांत बसतो. एकाच शब्दाच्या या तीन चुका, आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे! दहा वेळा लिहिण्याने तिघांपैकी कोणाचेच काम होत नाही.

आपल्या लिपीत अशा जागा अनेक आहेत. एकटा ‘र’ घेतला तर ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर बसतो, ‘प्रकाश’मध्ये पायाशी तिरपा जातो, ‘ट्रक’मध्ये खाली वेगळाच आकार घेतो आणि ‘दुसऱ्या’मध्ये आणखी चौथे रूप घेऊन येतो. सहा वर्षांच्या मुलासाठी ही चार वेगवेगळी चिन्हे आहेत, आणि ती सगळी एकाच आवाजाची आहेत हे त्याला कोणीतरी उलगडून दाखवावे लागते. ‘विहीर’ बरोबर लिहिणारे मूल ‘विहीरीत’ असे लिहिते तेव्हा त्याने शिकलेल्या शब्दाला प्रत्यय जोडलेला असतो. त्याचे तर्कशास्त्र चोख असते. ‘विहिरीत’ लिहिताना आधीची दीर्घ वेलांटी ऱ्हस्व होते, हा आपल्या शुद्धलेखनाचा नियम त्याच्यापर्यंत अजून पोहोचलेला नसतो, एवढेच. शिक्षकाला हे दिसले तर तो मुलाला आधी शाबासकी देतो आणि मग नियमाकडे वळतो.

आमच्या भागात यात घरच्या भाषेची भर पडते. अहिराणीत ‘शाळा’ची ‘शाया’ होते, ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘पाणी’ हे ‘पानी’ असते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाने वहीत स्वतःच्या मनाने पहिले वाक्य लिहिले होते, ‘मनी माय वावरमा गयी.’ आई शेतात गेली आहे, एवढा साधा, पूर्ण आणि खरा मजकूर होता तो. प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना आणि वेलांटी जागच्या जागी होती. मी चारही शब्दांवर लाल रेघ ओढली आणि वर ‘माझी आई शेतात गेली’ असे लिहून ते पाच वेळा लिहून आणायला सांगितले. त्यानंतर त्या मुलाने वर्षभर फळ्यावरचे उतरवून घेतले, मनाने एकही ओळ लिहिली नाही. आज ती वही माझ्यापुढे आली तर मी त्याचे वाक्य त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेईन, त्याखाली प्रमाण मराठीतले वाक्य लिहीन आणि दोन्ही वर्गाला वाचायला लावीन. हे मला फार उशिरा, आणि तेही स्वतःच्या चुकांतून कळले. सेवेत लागतानाच कळायला हवे होते.

प्रशिक्षणांची संख्या कमी आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. २०१९ मध्ये ‘निष्ठा’ हे शिक्षकांचे राष्ट्रीय प्रशिक्षण सुरू झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तासांचे व्यावसायिक शिक्षण घ्यावे अशी अपेक्षा ठेवली. जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ हे पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाचे अभियान आले आणि तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, यासाठी २०२६-२७ हे वर्ष ठरवण्यात आले. १२ वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ आणि २४ वर्षांनंतरची निवड वेतनश्रेणी मिळवायची तर त्यासाठी वेगळे प्रशिक्षण आहे. यांतल्या कोणत्याही उद्देशाशी माझे भांडण नाही. अडचण आहे ती पाणी ज्या पाटाने शेतापर्यंत येते त्या पाटाची. राज्यस्तरावर काही सुलभक तयार होतात, ते जिल्ह्याच्या सुलभकांना शिकवतात, जिल्ह्याचे तालुक्याच्या लोकांना आणि तालुक्याचे केंद्रातल्या शिक्षकांना. पुण्यात पाच दिवस चाललेली गोष्ट केंद्रावर एका दिवसाची होते आणि त्या दिवसाचाही अर्धा वेळ नोंदणी, हजेरीपत्रक, गट पाडणे आणि फोटो यांत जातो. जे ऑनलाइन असते त्यात व्हिडिओ पूर्ण झाला, प्रश्नमंजूषा सोडवली, की प्रमाणपत्र येते. अशा प्रशिक्षणात अध्ययन निष्पत्तींची, म्हणजे कोणत्या इयत्तेत मुलाला काय यायला हवे याची, यादी पोहोचते. ‘कुतरा’ आणि ‘कुता’ यांतला फरक मात्र पोहोचत नाही, कारण तो सांगून कळण्यासारखा नाही. तो खरी वही समोर ठेवून, दहा वेळा चुकून, शेजारच्या शिक्षकाशी चर्चा करूनच कळतो.

‘निपुण’च्या लक्ष्यांबद्दलही येथे थोडे सांगायला हवे. दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० आणि तिसरीच्या मुलाने किमान ६० शब्द समजून वाचावेत, असे त्यात म्हटले आहे. त्यातला ‘समजून’ हा शब्द फार मोलाचा आहे, पण शाळेत पोहोचेपर्यंत तो गळतो आणि हाती घड्याळ उरते. शिवाय मराठीत ‘घरातल्यांनीसुद्धा’ हा एकच शब्द असतो. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिणाऱ्या भाषेत शब्द मोजण्याचा अर्थ काय लावायचा, यावर शिक्षकांशी बोलायला हवे, नाहीतर मुलांना भरधाव वाचण्याची सवय लागते आणि विचारलेल्या साध्या प्रश्नालाही उत्तर येत नाही.

महाराष्ट्रात या विषयाचे ज्ञान नाही असे मुळीच नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शिक्षण मुलांच्या अंगणापर्यंत नेऊन दाखवले, त्याला कित्येक दशके झाली. फलटणच्या मराठीच्या सामाजिक भेदांचा भाषाशास्त्रीय अभ्यास करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांनी त्याच गावात प्रगत शिक्षण संस्था उभी केली आणि वंचित घरांतील मुलांच्या वाचन-लेखनावर वर्षानुवर्षे काम केले. सगळी मुळाक्षरे आणि मग सगळी बाराखडी असा लांबचा रस्ता न घेता थोडी अक्षरे आणि थोड्या मात्रा घेऊन लगेच अर्थपूर्ण शब्द वाचायला लागायचे, ही रीत आज अनेक शिक्षकांना ठाऊक आहे. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातील सोनाळे येथे नीलेश निमकर आणि त्यांचे ‘क्वेस्ट’ या शैक्षणिक संस्थेतील सहकारी शिक्षकांबरोबर असेच चिकाटीने काम करत आले आहेत. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक शैलजा मेनन यांच्या नेतृत्वाखाली कर्नाटकातील यादगीर आणि आपल्याकडील वाडा या भागांत काही वर्षे मुलांच्या वाचन-लेखनाचा जो अभ्यास झाला, त्यातही पहिलीच्या वर्गांत अक्षरे गिरवण्यावर आणि उतरवून घेण्यावर किती भर आहे आणि मुलाला स्वतःचे काही लिहायला किती क्वचित मिळते, हे पुढे आले. माझ्या त्या लाल रेघेची गोष्ट मला एकट्याची वाटत होती, ती तशी नव्हती.

केंद्रप्रमुख असताना शेवटची तीन वर्षे मी एक साधा प्रयोग केला. केंद्रातल्या शिक्षकांच्या दर महिन्याच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, पहिली ते तिसरीच्या प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातल्या तीन मुलांच्या न तपासलेल्या वह्या आणायच्या. दोन-दोन शिक्षकांनी एक वही घ्यायची आणि आधी फक्त एवढेच सांगायचे की या मुलाला काय येते. काय येत नाही ते नंतर. सुरुवातीला हे कोणाला जमेना, कारण आमचा डोळा चूक शोधायलाच तयार झालेला. मग एकेक करून बोलू लागले. २६ वर्षे सेवा झालेल्या एक बाई एका वहीतले ‘कुतरा’ बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “सर, याला सगळं ऐकू येतंय हो. मी उगाच दहा वेळा लिहायला लावत होते.” पुढच्या महिन्यात त्याच मुलांच्या वह्या पुन्हा आणायच्या आणि मधल्या काळात काय करून पाहिले ते सांगायचे, हा नियम आम्ही पाळला. ज्या महिन्यांत एखादी माहिती तातडीने भरायची म्हणून परिषद गुंडाळावी लागली, त्या महिन्यांचा धागा तुटला आणि तो पुन्हा जोडायला फार त्रास झाला. तरीही तिसऱ्या वर्षी दोन-तीन शाळांतल्या वह्यांत मुलांच्या मनाची वाक्ये दिसू लागली. कांदा, शेळी, मामाचे गाव, वीज गेलेली रात्र यांच्यावरची.

माझी मागणी यापेक्षा मोठी नाही. राज्यात केंद्रप्रमुखांची ४,८६० पदे मंजूर झाली ती शाळांना शैक्षणिक आधार देण्यासाठी, टपाल गोळा करण्यासाठी नाही. त्यातली बरीच पदे वर्षानुवर्षे प्रभारींच्या भरवशावर चालतात, ती आधी भरावीत. धोरणाने सांगितलेल्या ५० तासांपैकी निम्मे तास तरी आपल्याच केंद्रात, आपल्याच वर्गातल्या वह्यांवर झालेल्या कामाचे धरले जावेत. आज या तासांची नोंद होत नाही, म्हणून शिक्षकाला ते काम करूनही प्रमाणपत्रासाठी व्हिडिओ पाहावाच लागतो. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतील (डाएट) अधिव्याख्यात्यांनी वर्षातून काही दिवस पहिलीच्या वर्गात स्वतः शिकवावे आणि तेथील नमुने घेऊन शिक्षकांसमोर यावे. सेवेतल्या शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) बंधनकारक करणाऱ्या सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर असंख्य शिक्षक टीईटीच्या अभ्यासाला लागले आहेत. बहुपर्यायी प्रश्नांच्या त्या परीक्षेत हे कौशल्य तपासलेच जात नाही, तेव्हा त्या अभ्यासातून ते आपोआप येईल अशा भ्रमात खात्याने राहू नये.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला याचा मला मनापासून आनंद झाला. २०२५ मध्ये पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून महिनोन्महिने वाद झाला, शासन निर्णय निघाले आणि मागेही घेतले गेले. त्या सगळ्या चर्चेत पहिलीच्या वर्गात पहिली भाषा कशी शिकवली जाते आणि ती शिकवणाऱ्याला आपण काय देतो, याबद्दल मला फारसे कोठे वाचायला मिळाले नाही. आपल्या वृत्तपत्राने हा विषय लावून धरावा, ही नम्र विनंती. त्यासाठी आपल्या प्रतिनिधींनी एखाद्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत दिवसभर बसावे आणि त्या सहा तासांपैकी मुलांच्या वाचन-लेखनावर किती मिनिटे बोलणे झाले, ते मोजून छापावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त केंद्रप्रमुख, जि. नाशिक