विष उतरलं म्हणता, पण चढलं होतं का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेरण्या सुरू झाल्या की सर्पदंशाच्या बातम्या येऊ लागतात आणि त्यांत एक वाक्य हमखास असतं: आधी भगताकडे नेलं, मग दवाखान्यात. हा निर्णय घेणारी माणसं बहुतेकदा शिकलेली, पन्नाशी ओलांडलेली आणि घरात ज्यांचा शब्द चालतो अशी असतात. लहानपणी कानावर पडलेल्या गोष्टी तपासून पाहण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलेलीच नसते. ती येते थेट मध्यरात्री, घरात कुणाला पान लागल्यावर, म्हणजे साप चावल्यावर. म्हणून हे पत्र मुख्यतः त्यांच्यासाठी.

आपल्या आजी-आजोबांनी खोटं सांगितलं नाही. मारुतीच्या देवळात नेलेला माणूस सकाळी उठून घरी गेलेला त्यांनी खरोखर पाहिला होता. पण आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत: धामण, दिवड, तस्कर, नानेटी, कवड्या. माणसं दगावतात ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांमुळे. तेही प्रत्येक दंशात विष सोडतातच असं नाही. म्हणजे भगताकडे आलेल्यांपैकी बरेचजण काहीही न करता वाचणारच होते. वाचला तर मंत्राचा गुण आणि गेला तर त्याची वेळ भरली होती, असा हिशेब मांडला की मंत्र कधी चुकलेला दिसतच नाही. जखमेला कोंबड्या लावणं, विष शोषणारा म्हणून दगड ठेवणं, मुळी उगाळून देणं, सगळ्यांचा ताळेबंद असाच आहे.

कडुलिंबाच्या पाल्याची परीक्षा घ्या. पाला कडू लागला तर विष नाही, असं मानतात. पण घोणस-फुरशाचं विष रक्ताची गोठण्याची क्षमता संपवतं आणि मण्यारचं विष स्नायूंपर्यंत जाणारा मज्जातंतूंचा संदेश अडवतं. जिभेच्या चवीशी दोन्हींचा संबंध नाही. पाला कडूजहर लागत असतानाच हिरड्यांतून रक्त येऊ शकतं. दवाखान्यातली परीक्षा पाल्याइतकीच साधी आहे. शिरेतून सुमारे 2 मिली रक्त काढून नव्या, कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घालायचं, 20 मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर ते गोठत नाहीये. नळी काचेचीच हवी आणि साबणाने धुतलेली नको, नाहीतर निरोगी माणसाचं रक्तही गोठत नाही आणि निदान चुकतं. पहिल्या वेळी रक्त गोठलं म्हणूनही निश्चिंत होता येत नाही, चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

मण्यार सगळ्यांत फसवी. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. बऱ्याचदा ना वेदना, ना सूज, ना दाताची खूण. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, घरचे ओवा-सोडा देतात. पुढे पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, बोलणं जड होतं आणि शेवटी श्वास थांबतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाची पापणी पडू लागली, तर साप दिसला नसला तरी दंश धरूनच निघावं. बाज किंवा कॉट आणि कडा गादीखाली खोचलेली मच्छरदाणी, एवढ्यानेही हा दंश बऱ्याच अंशी टळतो.

दंशाच्या वर घट्ट दोरी आवळण्याची सवय तर शिकलेल्या घरांतही आहे. त्याने विष थांबत नाही. हातापायाचा रक्तपुरवठा तुटतो, घोणसाच्या दंशात तिथलं मांस आणखी सडतं आणि दोरी सोडताक्षणी साचलेलं विष एकदम अंगात जाऊ शकतं. आधीच बांधली असेल तर ती वाटेत सोडू नका, डॉक्टरांसमोर सोडा. जखम कापू नका, चोखू नका. अंगठ्या, बांगड्या, जोडवी लगेच काढा, सूज चढल्यावर ती रुततात. मोडलेल्या हाडाला बांधतात तशी फळी सैल बांधून तो अवयव स्थिर ठेवा, रुग्णाला चालवू नका आणि 108 ला फोन करा. साप मारून सोबत आणण्यात वेळ घालवू नका. आपल्याकडची प्रतिविष लस या चारही सापांवर चालते.

विषबाधेची लक्षणं दिसताच सुरुवातीला साधारण 8 ते 10 कुप्या सलाइनमधून तासाभरात देतात. लहान मुलालाही तेवढ्याच. साप मूल पाहून विष कमी सोडत नाही. लशीची रिॲक्शन येऊ शकते, म्हणून ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवूनच ती दिली जाते. ‘इंजेक्शनानेच माणूस गेला’ ही नवी समजूतही तपासायला हवी. रिॲक्शनवर तिथल्या तिथे इलाज असतो. देवळात गेलेल्या चार तासांवर इलाज नाही.

वाडवडिलांचं सगळंच टाकून द्या, असं आमचं म्हणणं नाही. अंधारात काठी आपटत चालावं, सरपणात न बघता हात घालू नये, हे आजही पक्कं आहे. पण साप दूध पितो ही समजूत सोडायलाच हवी. गारुडी त्याला तहानलेला ठेवतो, मग तो समोर येईल ते पितो आणि दूध श्वासमार्गात गेलं तर मरतोही. सापाने दंश केलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही भगताला आणि त्याच्याकडे नेणाऱ्याला माहीत असावं.

ग्रामपंचायतींना एक विनंती. प्रतिविष लस आणि व्हेंटिलेटर दोन्ही असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं, हे पावसाळ्याआधी विचारून घ्या आणि त्याचं नाव, अंतर व फोन नंबर मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर ठळक रंगवा. रुग्णाला घेऊन लोक आधी तिथेच येतात.

— ग्रामीण भागात सर्पदंशाच्या रुग्णांसाठी काम करणारे डॉक्टर व सर्पमित्र