दहावीच्या सवलतींआधीची नऊ वर्षे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की दिव्यांग विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सवलतींची माहिती वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होते, आणि ती व्हायलाच हवी. ताशी वीस मिनिटांचा जादा वेळ, खालच्या इयत्तेतील लेखनिक आणि काही विषयांतील पर्याय यांमुळे कितीतरी मुलांची शाळा सुटता सुटता राहिली आहे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतील शिक्षिका या नात्याने मला मात्र यानिमित्ताने एका उणिवेकडे लक्ष वेधायचे आहे. मुलाच्या परीक्षेची काळजी घेणारे नियम आपल्याकडे आहेत; पण त्याआधीची नऊ वर्षे ते मूल रोज वर्गात बसते, तेव्हा त्याला समोरचे कळते आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी, आणि त्यासाठी लागणारा वेळ, नेमका कोणाचा हे प्रत्यक्षात कोणीही ठरवून दिलेले नाही.

कायद्यात हे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 16 नुसार अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखनात किंवा गणितात येणारी अडचण, शक्य तितक्या लवकर ओळखून त्यावर योग्य ते अध्यापनाचे उपाय करणे हे शाळेचे कर्तव्य आहे, आणि कलम 17 नुसार शिक्षकांना त्यासाठी तयार करणे हे शासनाचे. ओळखण्याचे काम काही प्रमाणात सुरूही झाले आहे. एनसीईआरटी या केंद्रीय शैक्षणिक संस्थेच्या ‘प्रशस्त’ ॲपवरील प्रश्नावली वर्गशिक्षक भरतो, तिचा पुढचा भाग विशेष शिक्षक (दिव्यांग मुलांना शिकवण्याचे प्रशिक्षण घेतलेला) पाहतो, मग तपासणी शिबिर, मग प्रमाणपत्र, मग युडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाचे ओळखपत्र. माहिती भरून झाली की काम झाले, असा समज मात्र वरपासून खालपर्यंत रुजला आहे.

कर्णबधिर मुलांचे उदाहरण घ्या. ‘समग्र शिक्षा’ या शासकीय योजनेच्या शिबिरातून मुलीला श्रवणयंत्र मिळते, छायाचित्र निघते, नोंद होते. त्या यंत्राचा बटणाएवढा सेल आठवडा-दोन आठवड्यांत संपतो आणि खेड्यातल्या दुकानात तो सहसा मिळत नाही. सेल संपलेले यंत्र कानात असूनही मुलीला काही ऐकू येत नाही. ती गप्प बसते, आणि ‘यंत्र देऊनही फरक नाही’ असा शेरा पडतो. वास्तविक रोज सकाळी अर्ध्या मिनिटात हे तपासता येते. ओठ दिसणार नाहीत असा कागद तोंडासमोर धरून आ, ई, ऊ, म्, श्, स् हे सहा ध्वनी उच्चारायचे आणि मुलीने ते ऐकून म्हणून दाखवायचे. ‘स्’ आणि ‘श्’ ऐकू येत नसतील तर कोणती अक्षरे तिच्याकडून निसटत आहेत हेही तिथेच कळते. शिवाय हे यंत्र शिक्षिकेच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर आणि पत्र्यावरचा पाऊसही मोठा करून ऐकवते. म्हणून फळ्याकडे तोंड करून बोलायचे नाही, हे एवढे साधे पथ्य पाळले तरी तिला बरेच अधिक समजू लागते. ही माहिती प्रत्येक वर्गशिक्षकाला असली पाहिजे. डी.एल.एड. ही शिक्षक पदविका घेतलेल्या माझ्या बहुतेक सहकाऱ्यांना हे कोणी करून दाखवलेले नाही.

अध्ययन अक्षमतेची गोष्ट याहून अवघड, कारण ती दिसत नाही. चौथीतला मुलगा परिसर अभ्यासाच्या प्रश्नाचे तोंडी उत्तर अचूक देतो, पण फळ्यावरच्या पाच ओळी उतरवताना त्याच्या दोन ओळी होईपर्यंत फळा पुसलेला असतो. त्याची वही अर्धवट, म्हणून शेरा खराब, म्हणून घरी मार. प्रमाणपत्र साधारणतः वयाच्या आठव्या वर्षानंतरच मिळते आणि त्यासाठी अनेक तालुक्यांतील पालकांना मजुरी बुडवून मोठ्या शहरातील रुग्णालयाच्या खेपा घालाव्या लागतात. तोवर त्याला छापील उतारा हातात द्यायला, त्याचे उत्तर तोंडी घ्यायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. तरीही प्रमाणपत्र नाही म्हणून मदतही नाही, असेच चालते. दहावीत त्याला अचानक लेखनिक दिला जातो. उत्तर मनात जुळवून, क्रमाने, विरामचिन्हांसह दुसऱ्याला सांगणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि त्याचा सराव पाचवी-सहावीपासून नसेल तर ती सवलत त्या मुलाच्या फारशी उपयोगी पडत नाही.

विशेष शिक्षकांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑक्टोबर 2021 रोजी रजनीश कुमार पांडे प्रकरणात स्पष्ट निर्देश दिले: प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दहा विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढील स्तरांवर पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा. राज्य शासनाने ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रस्तरावर (केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) विशेष शिक्षकांची 4860 पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला, याचे स्वागतच आहे. वर्षानुवर्षे तुटपुंज्या मानधनावर राबलेल्या कंत्राटी विशेष शिक्षकांना त्यातून न्याय मिळायला हवा. परंतु याचा अर्थ एका केंद्राला एक विशेष शिक्षक असा होतो, आणि डोंगराळ भागात एका केंद्रातील वाड्या-वस्त्यांवरच्या शाळा कितीतरी मैलांत विखुरलेल्या असतात. तो एका शाळेत पंधरा दिवसांतून एकदा पोहोचला तरी पुष्कळ झाले. उरलेले सगळे दिवस मूल वर्गशिक्षकाकडेच असते.

म्हणून माझी पहिली मागणी संचमान्यतेबाबत, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरवण्याबाबत, आहे. साठपर्यंत पटाला दोन शिक्षक हा हिशेब करताना सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणे) असलेले, ज्याला शौचालयात नेण्यासाठीही सोबत लागते असे मूल आणि इतर कोणतेही मूल सारखेच मोजले जाते. दोन शिक्षकांपैकी एक जण बैठकीला किंवा ऑनलाइन माहिती भरायला गेला की पाचही वर्ग एकट्याच्या गळ्यात पडतात, आणि त्या दिवशी सर्वांत आधी दुर्लक्ष होते ते याच मुलांकडे. अशा विद्यार्थ्यांना पटात अधिक भार द्यावा, किंवा निदान त्या शाळांना पूर्णवेळ मदतनीस द्यावा. मदतनीस भत्ता पालकांच्या खात्यावर जमा होतो, पण रोजंदारीवर जाणारी आई त्या रकमेवर दिवसभर शाळेत थांबू शकत नाही.

दुसरी मागणी बिनखर्चाची आहे. दरमहा होणाऱ्या केंद्रातील शिक्षण परिषदेत एक तास विशेष शिक्षकाच्या हाती द्यावा आणि त्या केंद्रातल्याच एका मुलाविषयी, नाव न घेता, काय केले, काय जमले, काय फसले यावर बोलले जावे. सभागृहात पडद्यावर एकवीस दिव्यांगत्व प्रकारांची यादी वाचून दाखवणारी प्रशिक्षणे आम्ही पुरेशी घेतली आहेत.

अशा मुलांना विशेष शाळेतच पाठवावे, असे मत काही पालक आणि काही शिक्षकबंधूही मांडतात. काही मुलांना, विशेषतः खुणांच्या भाषेतून शिकणाऱ्या कर्णबधिर मुलांना, चांगल्या विशेष शाळेचा खरोखर लाभ होतो आणि तो मार्ग खुला राहिलाच पाहिजे. पण या शाळा बहुधा शहरात आणि निवासी असतात, आणि सहा वर्षांच्या मुलाला घर सोडायला लावणे हा गावातल्या शाळेने आपले काम न करण्याचा पर्याय होऊ शकत नाही.

येत्या जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी शालेय शिक्षण विभागाने किमान श्रवणयंत्रांचे सेल तालुक्याच्या गट साधन केंद्रात वर्षभर उपलब्ध राहतील अशी व्यवस्था करावी, आणि प्रमाणपत्राची वाट न पाहता वर्गात तोंडी उत्तरे व छापील उतारे देण्याबाबत मुख्याध्यापकांना लेखी सूचना द्याव्यात, अशी विनंती मी आपल्या वृत्तपत्राद्वारे करत आहे.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका, जुन्नर तालुका, जि. पुणे