व्होल्ट कुठे जातात ते दाखवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

"माझं नाव कुठी लिहू नको बेटा," असं तुम्ही बजावलंत, म्हणून ते लिहीत नाही. नागपूरच्या कामठी रोडवर कडुनिंबाखाली बाक टाकून जुन्या गाड्यांचे डायनमो, म्हणजे बॅटरी भरणारी यंत्रं, उघडणारे काका, एवढं लिहिलं तरी ज्यांना कळायचं त्यांना कळेल. त्या दिवशी मी मजुरी विचारली, तर तुम्ही फक्त वायरीचे आणि तिच्या टोकाला बसणाऱ्या लगचे पैसे घेतलेत. नीट आभार मानायचे राहून गेले, ते आज मानते आहे, आणि चारचौघांसमोर मानते आहे.

ती गाडी माझ्या बाबांची. १९७४ ची अ‍ॅम्बेसेडर, मार्क टू. बाबा गेल्यावर सगळ्यांनी विकायला सांगितली, पण माझा जीव होईना. शाळेतून आले की संध्याकाळी धंतोलीतून बर्डीपर्यंत एक चक्कर मारायची, आणि सुट्टीत आईला घेऊन लांब जायचं, एवढाच तिचा वापर. मागच्या वर्षभरात तिनं मला रडवलं. सकाळी किल्ली फिरवली की सेल्फ नुसता कण्हायचा. सिग्नलला उभं राहिलं की हेडलाइट पिवळे, हॉर्न घोगरा. रेस दिली की तेच लाइट इतके पांढरे व्हायचे की दोनदा बल्ब उडाले. आठ महिन्यांत दोन बॅटऱ्या बदलल्या. एका दुकानात डायनमोचं व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर नवा बसवला, दुसऱ्या दुकानात त्याचा स्क्रू पिळून व्होल्टेज 'थोडं वर' घेतलं. मग मे महिन्यात वर्ध्याला गेलो, तर परतताना गाडीत आंबट वास. बॉनेट उघडलं तर बॅटरीची झाकणं ओली, पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं. शहरात बॅटरी उपाशी आणि वर्धा रोडवर तीच बॅटरी उकळते, हे गणित मला कोणीही सोडवून देईना. तिसऱ्या ठिकाणी तर सांगितलं की डायनमो फेकून द्या, नव्या गाड्यांत असतो तसा अल्टरनेटर बसवा, किटकिट संपेल.

तुमच्याकडे मी अल्टरनेटर बसवायलाच आले होते, काका. तुम्ही पाना उचलला नाहीत. आधी मला बोलायला लावलंत. लाइट कधी पिवळे, कधी पांढरे, बल्ब कधी उडाले, पाणी कधी आटलं, सगळं. मग म्हणालात, "लाइट तेज होऊन राहिले, बॅटरी उपाशी राहून राहिली. म्हंजे डायनमो कमावते बराबर. मधातच कोणीतरी खाऊन राहिलं." हे वाक्य ऐकलं तेव्हा मीटरला हातही लागला नव्हता.

तरी तुम्ही डायनमोची परीक्षा घेतलीत, आणि मला जवळ उभं करून घेतलीत. पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला, अर्धा इंच दबला, म्हणजे ठीक. डायनमोवरच्या डी आणि एफ या दोन्ही वायरी काढल्या, ते दोन्ही टर्मिनल एका तुकड्यानं जोडले, मीटरची एक टोच त्याला आणि दुसरी बॉडीला. मला म्हणालात, रेस हळूहळू वाढव, काटा वीस व्होल्टवर आला की सोड, त्यापुढे नेऊ नको. काटा कुठेही न अडखळता सरळ चढला. डायनमोच्या आतले कार्बन झिजलेले असते, कम्युटेटर काळा पडला असता, फिल्ड कॉइल गेली असती, तर तो असा चढलाच नसता. ज्या डायनमोला मी भंगारात घालायला निघाले होते, तो पन्नास वर्षांनंतरही आपलं काम चोख करत होता. माझे डोळे तेव्हा भरून आले होते. तुमच्या ते लक्षात आलं असावं, कारण तुम्ही उगाचच चहा सांगायला उठलात.

वायरी परत जोडून गाडी रेसवर धरली, लाइट बंद. कटआउटच्या, म्हणजे रेग्युलेटरच्याच डब्यातल्या, ए टर्मिनलवर (इथून बॅटरीची वायर निघते) १५.२ व्होल्ट, बॅटरीच्या खुंटीवर १३.१. मग मीटरची एक टोच ए वर आणि दुसरी बॅटरीच्या लाइव्ह खुंटीवर ठेवलीत, आणि जे मला वर्षभर दिसलं नव्हतं ते आकड्यात समोर आलं. दोन व्होल्टच्या वर फरक, जिथे पाव व्होल्टसुद्धा नको. बॅटरीकडे जाणारी ती वायर सेल्फच्या सॉलिनॉइडला, म्हणजे सेल्फच्या स्विचला, जिथे बोल्टनं आवळली आहे, तिथे तुम्ही माझं बोट लावलंत. चटका बसला. कापड गुंडाळलेला तो लग वरून अगदी चांगला दिसत होता. कापड सोललं तर आत हिरवा गंज, आणि वायरीच्या चार-पाच तारांवर सगळा भार.

मग तुम्ही कोडं उलगडलंत. रेग्युलेटर स्वतःपाशी किती व्होल्ट आहेत तेवढंच बघतो, बॅटरीपाशी किती पोचले हे त्याला माहीत नाही. बॅटरी उतरलेली असली की ती जास्त करंट ओढते, आणि करंट जितका जास्त तितके त्या सडक्या सांध्यात व्होल्ट जास्त जळतात. म्हणून शहरात ती कधी भरायचीच नाही. लांबच्या रस्त्यावर एकदाची भरली की करंट कमी, सांध्यातली गळती कमी, आणि स्क्रू पिळून वाढवलेलं व्होल्टेज सगळंच्या सगळं बॅटरीवर. त्यात आपला मे महिना. दुखणं सांध्याचं आणि औषध रेग्युलेटरला, असं चाललं होतं. दिव्यांना मात्र करंट थेट कटआउटवरून मिळायचा, म्हणून ते रेसवर भडकायचे आणि सिग्नलला, डायनमो मंद झाला की, त्याच सडक्या सांध्यातून बॅटरीकडे भीक मागायचे.

जाड वायर घातलीत, नवा लग दाबून वर डाग दिलात, बॉडीच्या अर्थिंगची जागा पत्रा चमकेपर्यंत घासलीत. रेग्युलेटरचं सेटिंग करताना ए आणि ए-वनच्या (बॅटरीच्या आणि दिव्यांच्या) वायरी काढून आपसात जोडल्यात आणि म्हणालात, आता लोड नाही, तर सोळाच्या आसपास दाखवेल, घाबरू नको, आणि अर्ध्या मिनिटात उरकायचं, कॉइल गरम झाली की आकडा खोटा बोलतो. नागपूरच्या उन्हासाठी तुम्ही तो थोडा खालच्या अंगाला ठेवलात. वायरी जोडल्यावर बॅटरीच्या खुंटीवर १४.१ आले.

अल्टरनेटरला तुम्ही नावं ठेवली नाहीत, हेही मला आवडलं. रात्रीची खूप गर्दीत चालवायची असेल तर तोच बरा, डायनमो सिग्नलवर कमवत नाही, असं स्वच्छ सांगितलंत. फक्त सडक्या वायरीवर अल्टरनेटर बसवला असता तर तोही तेच करत बसला असता, हे सांगायला विसरला नाहीत. त्या दिवशी तुम्हाला अल्टरनेटर विकता आला असता. मी पैसे घेऊनच आले होते.

"पह्यले मोज, मंग खोल." हे तुमचं वाक्य मी बाबांच्या गाडीच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलं आहे. बाबा त्या वहीत पेट्रोल आणि ऑइल लिहायचे, मी आता व्होल्ट लिहिते. काल रात्री आईला घेऊन रामटेकला जाऊन आले, येताना सगळा रस्ता हेडलाइटवर. आज सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी खुंटीवर १२.६, म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली.

कोजागिरीला आमच्याकडे दूध प्यायला या. काकूंनाही आणा. संध्याकाळी सहाला मी गाडी घेऊन तुमच्या दारात येते.

तुमची,
धंतोलीची अ‍ॅम्बेसेडरवाली