मराठी शाळेतल्या कन्नडच्या सरांना

बेळगाव

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

दहावीच्या गुणवंतांचा सत्कार पार पडला. मराठीच्या बाई, गणिताचे सर, मुख्याध्यापक, सगळ्यांचे आभार मानले गेले. तुमचं नाव घेतलं ते घाईघाईत, शेवटी. ते मनाला लागून राहिलं, म्हणून हे पत्र चारचौघांना वाचता येईल असं लिहितोय. नाव मात्र इथे घालत नाही. मराठी शाळेत कन्नड शिकवणाऱ्या कन्नड माणसाला दोन्हीकडून काय काय ऐकावं लागतं, ते आम्हाला ठाऊक आहे.

आधी गुणांचं. कर्नाटकात दहावी ६२५ गुणांची. प्रथम भाषेला १२५, उरलेल्या पाच विषयांना प्रत्येकी १००. आपली मुलं मराठीत कमी पडत नाहीत, गणित-विज्ञानाला शिकवण्या असतात. हुशार मूल यादीत खाली सरकतं ते बहुतेक वेळा कन्नडात. एका गुणाची किंमत ०.१६ टक्के. कन्नडात ९५ च्या जागी ७० पडले की २५ गुण गेले, म्हणजे एकूण टक्केवारीतून सरळ ४ वजा. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्सच्या प्रवेशासाठी रांगेत उभं राहिल्यावर त्या ४ टक्क्यांचं वजन कळतं. त्यातही अंतर्गत २० गुण सहसा पदरात पडतात. खरी गळती असते ती ८० गुणांच्या लेखी पेपरात.

ही गळती कुठून होते ते तुम्ही शोधून काढलंत. मूल अभ्यास करत नाही, असं म्हणून मोकळे झाला नाहीत. मराठी हात कन्नड लिहिताना कुठे अडखळतो, ते वह्या बघून हेरलंत. देवनागरी अक्षर वरच्या रेघेला लोंबकळतं, कन्नड अक्षर खालच्या रेघेवर बसतं. आपलं मूल शब्द लिहून झाल्यावर शिरोरेघ ओढतं, त्याच सवयीनं कन्नड शब्दावर शेवटी सगळीकडे तलकट्टु, म्हणजे अक्षराच्या डोक्यावरची ती छोटी खूण, देत सुटतं. पण वेलांटी किंवा एकाराचं चिन्ह आलं की तलकट्टुची जागा तेच घेतं. मग अक्षर धड 'क' राहत नाही, धड 'कि' होत नाही. प्रत्येक अक्षर स्वरचिन्हासकट पुरं करूनच पुढच्या अक्षराला हात घालायचा, ही शिस्त तुम्ही आठवीतच लावलीत.

तीच गोष्ट ओत्ताक्षरांची, म्हणजे जोडाक्षरात खाली लिहायच्या अक्षरांची. मराठीत तूप, कन्नडात तुप्प. दुसरा 'प' पहिल्याच्या पोटाखाली लिहायचा असतो, आणि आपलं मूल तोच खातं. 'प'चं एक बरं, खालीही तो थोडाफार 'प'सारखाच दिसतो. त, न, म, य, र, ल यांची खालची रूपं मात्र मूळ अक्षराशी अजिबात जुळत नाहीत, आणि रोजच्या शब्दांत नेमकी तीच येतात: हत्तु, नन्न, अम्म, इल्ल. तुम्ही या सहा अक्षरांचा वेगळा तक्ता केलात आणि रोज दहा मिनिटं उक्तलेखन घेतलंत. वहीत एक ओळ सोडून लिहायला लावलंत, कारण ओत्ताक्षर खालच्या ओळीत घुसलं की पेपर तपासणाऱ्याला ते दिसतच नाही. रफाराचंही तसंच. 'कर्नाटक' लिहिताना मराठीत रफार 'ना'च्या डोक्यावर बसतो, कन्नडातला रफार, म्हणजे अर्कावत्तु, 'ना'च्या नंतर येतो. राज्याच्या नावातच मुलं चुकत होती, आता चुकत नाहीत.

व्याकरणात मुलं लिंगावर घसरतात. मराठीत गाडी ती, म्हणून मूल 'बंदळु' (ती आली) लिहून मोकळं होतं. कन्नडात गाडी काय, गाय काय, दोन्हींना 'बंदितु' (ते आलं). माणूस किंवा देवदेवता नसेल तर नपुंसकलिंग, एवढा एकच नियम तुम्ही पक्का करून घेतलात. बाजारात कानावर पडणारं 'बेक' (पाहिजे) पेपरात 'बेकु' असंच हवं, हेही घोटून घेतलंत. आणि पत्रलेखन! आपण 'प्रति'ने सुरुवात करतो. तिथे आधी पाठवणारा, मग ज्याला लिहायचं तो, मग 'मान्यरे' (महोदय). मांडणी चुकली की मजकूर चांगला असूनही गुण जातात.

आता अवघड गोष्ट. या गावात कन्नड हा कधीच नुसता शंभर गुणांचा विषय नव्हता. १ नोव्हेंबरला एका रस्त्यावर कर्नाटकच्या स्थापनेचा राज्योत्सव असतो, दुसऱ्या रस्त्यावर मराठी माणसांचा काळा दिन. कन्नड सक्तीविरुद्धच्या १९८६ च्या आंदोलनातले हुतात्मे आम्ही दर १ जूनला आठवतो. या सीमाभागावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. अशा घरांतली मुलं तुमच्या वर्गात येतात, कन्नडचं पुस्तक उघडताना काहींच्या कपाळावर आठी असते. तुम्ही ती आठी पुसायला गेला नाहीत. सक्तीला विरोध करणाऱ्या घरातलं मूलही भाषा उत्तम शिकू शकतं, हे तुम्ही गृहीत धरूनच शिकवलंत. महाराष्ट्रात जाण्याची आमची मागणी आम्ही सोडलेली नाही, आणि ती सोडा असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. याचे आभार कसे मानावेत, खरंच कळत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत बसवाहकाला झालेल्या मारहाणीवरून वातावरण पेटलं, आंतरराज्य बस थांबल्या, आणि परीक्षा महिन्यावर आली होती. त्या दिवसांतही तुमचा जादा तास चुकला नाही.

सत्काराच्या तयारीतही तुमचा हात होता, तो लोकांना दिसला नाही. सन्मानपत्रांवरची नावं आम्ही इंग्रजी यादीवरून उतरवत होतो. इंग्रजीत ल आणि ळ एकच, न आणि ण एकच, त आणि ट एकच. कोळेकरचा कोलेकर होतो आणि आईबापांचा चेहरा उतरतो. शाळेच्या कन्नड नोंदींत हे सगळे फरक स्पष्ट असतात. त्या वाचून एकेक नाव तुम्ही दुरुस्त करून दिलंत. मराठी सन्मानपत्रावरचं मराठी नाव कन्नड कागदामुळे बिनचूक आलं.

निकालानंतर आठवड्याभरात कार्यक्रम उरकू नका, हा सल्लाही तुमचाच. मुलं उत्तरपत्रिकेची प्रत मागवतात, फेरमूल्यांकनाला टाकतात, आणि वरच्या नंबरांत दोन-तीन गुणांनी उलथापालथ होते. ढालीवर नाव आधीच कोरलं तर एका मुलाची ढाल परत मागायची वेळ येते. १ जूनच्या आगेमागे तारीख नको, नाहीतर हॉल, पोलिसांची परवानगी आणि लाउडस्पीकर या तिन्हींची ओढाताण होते, हेही तुम्ही बजावलंत. फलकावर मराठीच्या जोडीला कन्नड ओळ घालायची का, यावर आमच्यातच वाद झाला. घातली, आणि त्या ओळीचं शुद्धलेखन तुम्ही तपासलंत.

एक विनंती आहे. तो सहा ओत्ताक्षरांचा तक्ता बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या मराठी शाळांसाठी छापावा म्हणतो. अक्षरं तुमच्याच हातची हवीत, छापाच्या टायपात खालची रूपं फार बारीक दिसतात आणि मुलं पुन्हा तिथेच चुकतील. जाड निबच्या पेनानं एका कोऱ्या कागदावर लिहून ठेवलात, तर आमच्यातलं कुणीतरी येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर येऊन घेऊन जाईल.

आपले,
गुणवंत सत्काराचं काम पाहणारे कार्यकर्ते आणि पालक