ट्यूनर भारी, अँटेना खिळ्याला

संपादक महोदय,

नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या केळझर-सेलू पट्ट्यात विविध भारतीची १००.६ ऐकायला लोक महागडा एफएम ट्यूनर आणतात आणि त्यासोबतची वायर घरातल्या खिळ्याला टांगतात. वर टिनाचं छत! टिन लहरी अडवतं, मग खरखर येणारच.

एफएम साधारण नजरेच्या रेषेत चालतं. मनोरा १०० मीटरचा आणि आपला बांबू ९ मीटरचा धरला, तर सपाट रानात पोच ५३ किलोमीटरच्या आसपास. तोच अँटेना दीड मीटरवर असेल तर ४६. अँटेना घरी होतो. ॲल्युमिनियमच्या ७१ सेंटिमीटरच्या दोन नळ्या एका रेषेत आडव्या बसवायच्या, मध्ये बोटभर फट. डिशच्या आरजी-६ केबलची मधली तार एका नळीला, जाळी दुसरीला. नळ्यांचं टोक नागपूरकडे करायचं नाही, बाजू करायची. बहुतेक जण इथेच चुकतात. आडवा ठेवून जमलं नाही तर उभा करून पाहावा. जोड नीट बंद करावा, नाहीतर पहिल्याच पावसात जाळीत पाणी शिरतं.

आता ट्यूनर. जाहिरातींत संवेदनशीलतेचा आकडा (किती कमजोर सिग्नल पकडतो तो, लहान तितका चांगला) छापतात, तो अँटेनाच्या किती ओहमच्या जोडावर मोजला ते छापत नाहीत. ३०० ओहमला १.८ मायक्रोव्होल्ट आणि ७५ ओहमला ०.९ हे एकच. तरी दुसरा 'दुप्पट चांगला' म्हणून गळ्यात मारतात. आपल्या पानावर तरी ओहमसकट आकडा यावा.

जुना परदेशी ट्यूनर घेताना बटण दाबून पाहावं. अमेरिकेसाठीचा बरेचदा १००.५ वरून थेट १००.७ वर उडी घेतो, आपलं स्टेशन मधेच राहतं नि 'स' फाटतो. शिवाय त्याचा डी-एम्फसिस (प्रसारणात वाढवलेले बारीक सूर ट्यूनरने पुन्हा खाली आणणं) ७५ मायक्रोसेकंदांचा, आपला ५०. त्यामुळे आवाज दबका लागतो. काहींच्या मागे दोन्हींसाठी स्विच असतो. जपानचे जुने ट्यूनर तर ९० मेगाहर्ट्झलाच थांबतात, ते फुकटही नकोत.

मोनोचं (दोन्ही स्पीकरना एकच आवाज देणारं) बटण हवंच. तितक्याच स्वच्छ आवाजासाठी स्टिरिओला सुमारे दसपट व्होल्टचा सिग्नल लागतो. मोनोतही गुरगुर राहिली, तर एकेक एलईडी बल्ब नि चार्जर बंद करून पाहावा, दोषी सापडतो.

वीज कडाडायच्या आधीच केबल ट्यूनरमधून काढून घराबाहेर टाकावी. कडकडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नये.

— एक रेडिओ दुरुस्तीवाला, सेलू (जि. वर्धा)