वेब सीरिजचीही एक प्रत सरकारजमा होऊ द्या

माननीय माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार

सविनय नमस्कार.

१९५४ च्या कायद्यानुसार पुस्तक छापणाऱ्या प्रकाशकाला तीस दिवसांच्या आत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवावी लागते. किती जण पाठवतात हा प्रश्न वेगळा, पण कायदा आहे. जेमतेम शंभर प्रती निघालेला कवितासंग्रहही त्यातून सुटत नाही. लाखो लोकांनी रात्र जागवून पाहिलेली वेब सीरिज मात्र सुटते.

थिएटरच्या चित्रपटाच्या निदान प्रिंटा असत. टीव्हीवरचं कुणीतरी कॅसेटवर टेप करून ठेवी. निव्वळ ओटीटीवर येणाऱ्या मालिकेची अधिकृत प्रत कंपनीच्या सर्व्हरपलीकडे प्रेक्षकाच्या हाती सहसा नसते. अमेरिकेच्या डिस्ने प्लस या ओटीटीने 'विलो' ही मालिका नोव्हेंबर २०२२ मध्ये आणली आणि मे २०२३ मध्ये काढून टाकली. कुणाच्या भावना दुखावल्या नव्हत्या, बंदीही आली नव्हती. खर्चाला कात्री लावताना जी नावं खोडली गेली त्यांत तीही होती, इतकंच. तिथे घडलं ते इथे घडायला काय अडचण आहे?

आपण एकदा हात पोळून घेतले आहेत. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ चा. आज त्याची एकही प्रिंट उपलब्ध नाही. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं, तोवर कितीतरी नायट्रेट रिळं (चटकन पेटणारी, चांदीचा अंश असलेली जुनी फिल्म) सडली, जळाली किंवा चांदीसाठी वितळवली गेली होती. त्या निर्मात्यांना दोष देववत नाही. जुन्या चित्रपटाला पुढे किंमत येईल हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याला ते माहीत आहे.

म्हणून मागणी एवढीच: भारतात निर्माण झालेल्या प्रत्येक ओटीटी चित्रपटाची आणि मालिकेची मूळ दर्जाची, डिजिटल कुलूप (कॉपी रोखणारी तांत्रिक सोय) नसलेली एक प्रत सबटायटलसह पुण्याच्या संग्रहात जमा करणं सक्तीचं करा. पायरसीची भीती कंपन्या पुढे करतील. प्रत बंद ठेवा. अभ्यासकाला संग्रहातच बसून पाहू द्या. फ्रान्सने १९९२ च्या कायद्याने रेडिओ-टीव्हीचे कार्यक्रम याच पद्धतीने जपायला घेतले.

खरी मेख पुढे आहे. डिजिटल प्रत कपाटात ठेवून विसरता येत नाही. साठवणीच्या एलटीओ टेपा (डिजिटल माल ठेवायच्या चुंबकीय फिती) नव्या पिढीच्या यंत्रांवर एक-दोन पिढ्यांपलीकडे वाचल्याच जात नाहीत, त्यामुळे दर काही वर्षांनी सगळा माल नव्या टेपांवर उतरवावा लागतो. उद्घाटनाला फीत कापणारे पुष्कळ मिळतात, या कामाला दरसाल पैसे देणारे मिळत नाहीत. तेव्हा विधेयक आणाल तर या खर्चाची तरतूद आणि त्यातला कंपन्यांचा वाटा त्याच कायद्यात लिहा, अनुदानाच्या भरवशावर सोडू नका.

आपला,
एक प्रेक्षक